सुतकातले तेरा दिवस

देवबागात कोणाला दिवस गेले, की तुळसाकाकी तिला एकच प्रश्न विचारायची. "चतुर्थीचो, की शिमग्याचो?" उत्तर मिळालं की ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायची आणि बाळंतपणाची तिथी सांगून मोकळी व्हायची. दोन-चार दिवस पुढेमागे होत, पण तिचा अंदाज चुकला असं मी फार कमी वेळा ऐकलं.

मी मूळचा कसालचा. १९५४ साली देवबागच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो, तेव्हा हा प्रश्न ऐकून मला हसू आलं होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांनी भरलेली वाळूची पट्टी, एवढंच ते गाव. ज्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं होतं, ते बाप्ये घरी राहत. बाकीचे मुंबईत, कोण गोदीत, कोण बोटीवर, कोण साहेबाच्या बंगल्यावर. ते वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि होळीला. त्यामुळे पोरं जन्मायची तीही ज्येष्ठात नाहीतर मार्गशीर्षात. दुसऱ्या शाळांतले मास्तर सोयीसाठी सगळ्यांची जन्मतारीख एक जून लावतात. माझ्या हजेरीपटावर अर्धा वर्ग खरोखरच जूनचा असायचा.

माझी बायको कसालला, शेतीपाशी. मीही सणासुदीलाच घरी जाणारा. तुळसाकाकीच्या तावडीतून मीसुद्धा सुटलो नाही. शिमगा करून परत आलो की ती होडीच्या धक्क्यावरच विचारायची, "मास्तरांनू, मगे? मार्गशीर्षात कसालाक येव काय?" चार माणसं हसायची आणि मी पिशवी उचलून शाळेचा रस्ता धरायचो.

तिचा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी समुद्रात बुडून गेला. पोरबाळ नव्हतं. सासूकडून सुईणपण शिकली आणि त्यावरच जगली. अंगाने किरकोळ, बोलायला फटकळ, पण बाळंतिणीपाशी बसली की आवाज असा काही खाली यायचा, की हीच का ती, असं वाटावं. १९५७ साली सरकारने मालवणला सुइणींचा वर्ग काढला. महिनाभर ती रोज चालत मालवणला जाऊन आली. शेवटी पत्र्याची एक पेटी मिळाली, तीत कात्री, दोरा, साबण, आणि एक छापील दाखला. दाखला तिने मला वाचायला लावला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की कायद्याविरुद्ध कोणतंही कृत्य मी करणार नाही. त्याखाली तिचा अंगठा.

"कायद्याविरुद्ध म्हंजे काय ता सांगलानी थय," ती म्हणाली. "पोट पाडूचा नाय. पाडलास तर तीन वर्सा. पोर फिराक लागल्यावर पाडलास तर सात. पाडून घेणारीकय तितकीच."

"आणि बाईचा जीव जात असला तर?" मी सहज विचारलं.

"ता डाक्टरांनी बघूचा. सुइणीन नाय."

त्यानंतर तिच्या दारात ज्या बाया त्या कामासाठी आल्या, त्यांना तिने परत पाठवलं. त्यांतल्या दोघी दुसरीकडे गेल्या आणि त्यांतली एक वाचली नाही. हे मला फार नंतर कळलं. अंगठा दिलाय म्हणजे दिलाय, असं तिचं म्हणणं. मला तिचं तेव्हा कौतुक वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस.

शाळेच्या मागच्या बाजूला गुरुदासचं घर. गुरुदास मुंबईत गोदीत होता. घरी त्याची आई आनंदीबाई, बायको सीता आणि चार पोरं. थोरली विमला माझ्या वर्गात, हुशार आणि भलती बोलकी. गुरुदासला पाठवायची पत्रं मी लिहायचो, त्याची आलेली मी वाचायचो. गावातल्या निम्म्या घरांचा मी असा लेखनिक होतो.

१९६२ च्या ज्येष्ठात सीतेला चौथं मूल झालं आणि तेव्हापासून तिच्या अंगावर सूज राहिली. पाय सुजले, तोंड सुजलं, पोटसुद्धा उतरेना. चार पावलं चालली की धाप लागायची. तुळसाकाकीने तिला होडीत घालून मालवणच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि चिठ्ठी लिहून दिली, की काळीज कमकुवत आहे, या बाईला पुन्हा दिवस गेले तर बाळंतपण झेपणार नाही. चिठ्ठी मी वाचून दाखवली. आनंदीबाईने ती देवाच्या फळीवर ठेवली. चतुर्थीला गुरुदास आला, पाच दिवस राहिला आणि गेला. त्याला कोणी काय सांगितलं आणि त्याने काय पाळलं, ते मी विचारायला गेलो नाही.

मार्गशीर्षात आनंदीबाई वारली. मुंबईला तार मीच केली. गुरुदास आला, तेरा दिवस सुतक पाळून चौदाव्या दिवशी परत गेला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तार करणाऱ्याच्या तरी हे लक्षात राहायला हवं होतं.

माघात एक दिवस तुळसाकाकी शाळा सुटायच्या वेळी आली आणि बाकावर बसून राहिली. पोरं गेल्यावर म्हणाली, "सीतेक दिस गेलेत."

देवाच्या फळीवरची ती चिठ्ठी मला पाठ होती.

"मी मालवणच्या डाक्टरांका भेटान इलंय," ती म्हणाली. "ते म्हणतत, माझ्याकडे नको, वेंगुर्ल्याक एक म्हातारे डाक्टर आसत, तेंका विचारा. जीव वाचवचो आसलो तर कायदो आड येणा नाय म्हणतत. मास्तरांनू, तुमी माझ्यावांगडा चला. माका तेंच्याशी बोलूक जमाचा नाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी निघालो. खाडी ओलांडली, पलीकडे एसटी धरली आणि दुपारी वेंगुर्ल्याला पोचलो. डॉक्टर साठी उलटलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी मालवणची चिठ्ठी दोनदा वाचली. पाळी चुकली कधी, असं विचारलं. तुळसाकाकी म्हणाली, अंगावर पाजणारी बाई, तिला बाळंतपणापासून पाळी आलीच नाही.

"मग कितवा महिना?"

"चतुर्थीचो," काकी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत गणित शिकवतो. बोटांवर मोजलं आणि शुद्ध भाषेत सांगितलं, "पाचवा."

त्यांनी चिठ्ठी घडी करून माझ्या हातात परत दिली. "मास्तर, तीन महिन्यांच्या आतलं असतं तर उद्याच घेऊन या म्हटलं असतं. ही चिठ्ठी पुढे करून मी कोर्टातही उभा राहिलो असतो. पाचव्या महिन्यात हे काम करायची माझ्याकडे सोय नाही. टेबलावर काही झालं तर पोलीस मला विचारणार, तू हिचा जीव वाचवत होतास की घेत होतास. मी काय दाखवू? मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. तिथे चार डॉक्टर मिळून ठरवतील."

"ती मुंबईची वाट सोसूची नाय," काकी म्हणाली.

"मग तिला पडून राहायला सांगा, मीठ बंद करा, आणि देवावर सोडा."

तिला एकदा तपासायला आणा, असं ते म्हणाले नाहीत. आम्हीही म्हटलं नाही. पाचवा म्हटल्यावर विषय तिथेच मिटला होता. परतीच्या एसटीत काकी पेटी मांडीवर घेऊन बसली होती. ती पेटी तिने का आणली होती कोण जाणे. कदाचित आपण शिकलेली सुईण आहोत, हे डॉक्टरांना दिसावं म्हणून असेल.

गुरुदासला मी कार्ड लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की तुम्हाला बरं वाटेल ते करा, पण पोलिसाचं लफडं नको. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. निदान त्याच्या तरी ध्यानात यायला हवं होतं. पण पोस्टकार्डावर असलं कोण लिहिणार? ते पोस्टमन वाचतो, मास्तर वाचतो, मास्तर वाचताना दारात उभी असलेली शेजारीण ऐकते.

सीता अंथरुणाला खिळली. विमला शाळेत यायची बंद झाली. धाकट्या तिघांचं तीच करायची. मी दोनदा जाऊन सांगितलं, निदान परीक्षेला तरी बस. ती म्हणाली, "आवस बरी झाली की येतंय मास्तर." दहा-बारा वर्षांची पोर, चुलीपुढे बसून पेज ढवळत होती.

ज्येष्ठ उजाडला. काकी तिच्या दाराशीच मुक्कामाला होती. चतुर्थीचे नऊ महिने भरले, वर आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. पोट जेवढं असायला हवं तेवढं दिसेना. एके दिवशी काकी भर दुपारी शाळेत आली. मी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि बाहेर आलो. तिचा चेहरा बघून मला वाटलं, सीता गेली.

"चतुर्थीचो नाय तो," ती म्हणाली.

मला कळेना.

"सुतकातलो. आनंदीबाय गेली तेवाचो." ती भिंतीला टेकून खाली बसली. "आज माका सांगल्यान. गुरुदास आवशीसाटी रडाक लागलो. दुपारची येळ, घरातली माणसा पडलेली. ही तेका उगी करूक गेली. तितक्याच. मी माघात विचारलंय तेवा चतुर्थीचो म्हणान सांगल्यान. सुतकातलो म्हणान कसा सांगतली? घरात मयत झालेला, देवाकडे दिवो नाय, आनी हेंनी असला केला, म्हणान लोक तोंडार थुकतले. आनी तीय म्हणता, मास्तरांनू, की तिकाच खात्री नव्हती. चतुर्थीचोच आसात, असा तिना मनाक समजावल्यान."

मी उभ्या उभ्या पुन्हा मोजलं. मार्गशीर्षातून माघात. दोन महिने. आम्ही वेंगुर्ल्याला गेलो त्या दिवशी सीतेला जेमतेम दुसरा महिना सरत होता. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांच्या आतलं असतं तर उद्याच घेऊन या.

"माघात ती ओकत होती," काकी म्हणाली. "पाचव्या म्हयन्यात ओकारी खंयची? माका कळाक होया होता. मी म्हटलंय सुजेमुळा. पोट वर होता, ताय सुजेमुळा म्हणान माझ्या ध्यानात इला नाय. तीस वर्सा बाळतपणा केलंय मी."

पाढे म्हणणारी पोरं आत थांबली होती. मी त्यांना ओरडलो आणि ती पुन्हा सुरू झाली. पाचवा हा शब्द माझ्या तोंडातून गेला होता. तार मी केली होती. तेरा दिवस तो घरात होता, हे मला ठाऊक होतं, आणि तरी ते तेरा दिवस मी मोजले नाहीत. सुतकात नवरा-बायको नसतात, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. डॉक्टरांना हे तेरा दिवस कोणी सांगितलेच नव्हते.

आषाढात एका सकाळी सीतेला धाप लागली ती थांबेना. दुपारी ती गेली. पोर पोटातच गेलं. गर्भार बाई मेली की ती परत येऊ नये, म्हणून आमच्याकडे तिच्या मागे वाटेवर मोहरी टाकतात. तशी टाकली. काकी मागून वाकून वाकून ती मोहरी पदरात गोळा करत होती. कोणीतरी हटकलं तेव्हा म्हणाली, "येवंदे परत. तिची पोरा आसत हय." लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. पोलीस पाटलाने नोंद केली, सूज येऊन मृत्यू.

मरायच्या आधी सीतेने काकीकडून वचन घेतलं होतं. माझ्या पोरांना हे कळता नये. कोणालाच कळता नये. काकीने मला आधीच सांगून टाकलं होतं, म्हणून मग मलाही देवळासमोर नेऊन वचन द्यायला लावलं.

त्यानंतर तिने आपला प्रश्न बदलला. दिवस गेलेली बाई आली की ती दार लावून विचारायची, "घोव केवा केवा इल्लो ता सगळा सांग. सणाक, सुतकाक, उपासाक, कायव आसांदे. माका सांगलास म्हणान पाप लागणा नाय." बायांना याचा राग यायला लागला. सासवा म्हणाल्या, ही चोंबडी म्हातारी आमच्या सुनांना नाही नाही ते विचारते. खाडीपलीकडून दुसरी सुईण यायला लागली, ती बिचारी जुनाच प्रश्न विचारायची. दोन वर्षांत तुळसाकाकीकडे येणाऱ्या निम्म्याने कमी झाल्या. ती मला म्हणायची, "मी विचारूचा सोडू काय?" मी म्हणायचो, सोडू नको. सल्ला द्यायला माझं काय जात होतं?

१९६५ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रात आलं, की गर्भपाताचा कायदा बदलावा की काय, याचा विचार करायला सरकारने एक समिती नेमली आहे. मालवणच्या महिला मंडळाने ठरवलं, की आपणही परिसंवाद घ्यायचा, एक तक्ता भरायचा आणि तालुक्याचं मत वर पाठवायचं. अक्षर चांगलं म्हणून वृत्तान्त लिहायला मला बोलावलं. सुइणींनाही बोलावलं होतं. काकी माझ्याबरोबर निघाली.

वाटेत ती म्हणाली, "आज सांगूया काय, मास्तरांनू? नाव घेवचा नाय. एक बाई होती, तिका वाचवक येत होता, पण डाक्टर भियालो, इतक्या सांगूया."

"डॉक्टर का भ्याले, असं विचारतील. म्हणतील, कितवा महिना होता? मग चूक कोणाची, कशी झाली, सगळं निघेल. सुतकाचं सांगावं लागेल."

"नाव नाय घेतला तरी?"

"काकी, मार्गशीर्षात सुतक कोणाकडे होतं, हे देवबागात लहान पोरसुद्धा सांगेल."

ती पदर खोचून माझ्या पुढे चालू लागली.

सभेला शंभरेक माणसं होती, त्यांत बाया वीस. अध्यक्ष भाई वकील. माणूस वाईट नव्हे. गरिबांचे खटले फुकट चालवायचा, काकीच्या नवऱ्याच्या होडीचा वाद त्यानेच मिटवून दिला होता. आधी कुडाळचे एक तरुण डॉक्टर बोलले. कायदा सैल करा, म्हणाले. बाया चोरून जातात, मुळ्या घेतात, मरतात. डॉक्टरचे हात बांधलेले राहिले तर तो प्रामाणिक असूनही काही करू शकत नाही. मागून कोणीतरी म्हणालं, यांना धंदा वाढवायचाय. हशा झाला आणि ते बिचारे घाम पुसत खाली बसले. मग एक निवृत्त मामलेदार उठले. त्यांनी पंचवार्षिक योजनेचे आकडे सांगितले आणि इतकी तोंडं खायला घालायची कुठून, म्हणून कायदा सैल करा, असं म्हणाले. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विधवांचा उल्लेख केला आणि लगेच सावरून घेतलं. शेवटी भाई वकील. कायदा म्हणजे कुंपण आहे, म्हणाले. कुंपण काढलं की आत कोण शिरेल याचा नेम नाही. आईचा जीव वाचवायला आजचा कायदा आडवा येत नाही, मग बदल कोणासाठी? मी सगळं लिहून घेत होतो. कोणाला लोकसंख्या कमी करायची होती, कोणाला अब्रू वाचवायची होती. वेंगुर्ल्याच्या त्या डॉक्टरांसारखा, कायदा वाचूनही भ्यालेला माणूस त्या सभेत कोणाच्याच भाषणात नव्हता.

"आणि पुरावा पाहिजे तर हा घ्या," भाई म्हणाले आणि त्यांनी काकीला पुढे बोलावलं. "देवबागच्या तुळसाबाई. तीस वर्षं सुईणपण करतात. एकदाही यांनी ते पाप केलेलं नाही. कायद्याचा मान खेड्यातली निरक्षर बाई राखते, तर शिकलेल्यांनी का राखू नये?" टाळ्या झाल्या. मंडळाच्या बाईंनी तिला नारळ आणि हिरवं लुगडं दिलं, कुंकू विसरून लावायला गेल्या आणि हात मागे घेतला.

"दोन शब्द बोला," भाई म्हणाले.

ती लुगडं छातीशी धरून उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. मी टाक हातात धरून बसलो होतो. मान हलवली असती तर ती बोलली असती, असं मला आजही वाटतं. मी कागदाकडे बघितलं.

"माझ्या हातान तसला कायव झाला नाय," ती म्हणाली.

भाईंनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. मी वाक्य शुद्ध करून लिहिलं, की श्रीमती तुळसाबाई यांनी आपल्या हातून असा प्रकार कधीही घडला नसल्याचे सांगितले.

सभा संपल्यावर तो तक्ता भरायचा होता. मंडळाने स्वतःच आखलेला, गावाचं नाव एकीकडे आणि रकाने दुसरीकडे. चोरून केलेल्या गर्भपाताने मृत्यू किती, वेळेवर वैद्यकीय उपाय न झाल्याने मृत्यू किती. देवबागच्या ओळीपाशी मी थांबलो. काकी शेजारी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण रिकामी जागा दिसत होती.

"हय काय लिवचा?"

"वेळेवर उपाय न होऊन किती बाया गेल्या ते."

"नाव लिवचा लागता?"

"नाही. आकडाच."

"मगे एक लिवा."

मी म्हणालो, एक लिहिलं की भाई विचारणार, कोण ती. ते वाचूनच सही करणार आहेत. ती म्हणाली, विचारूदे, तुमी सांगा नको. भाई टेबलाशी आले. "देवबाग? तिथे काय असणार, तुळसाबाई असताना. निरंक लिहा, मास्तर." आणि मी निरंक लिहिलं. एरवी मुंबईहून कार्डं यायची तेव्हा लोकांच्या बायकांची गुपितं मी बिनदिक्कत वाचायचो. एक आकडा लिहायला मात्र माझा हात उचलला नाही. कायद्याने माझ्यावर कसलंही बंधन घातलेलं नव्हतं. मला कोणी तुरुंगात टाकणार नव्हतं. भाई काय म्हणतील, एवढंच काय ते भय होतं.

काकीने विचारलं, "लिवलात?" मी हो म्हटलं. ते तिला खरं वाटलं, आणि परतीच्या वाटेवर ती माझ्याशी बरं बोलली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ते हिरवं लुगडं तिने विमलेच्या लग्नासाठी ठेवलं. १९६८ च्या पावसाळ्याआधी विमलेचं लग्न झालं, गावातच, आणि नवरा मुंबईला छापखान्यात. लुगडं नेसून ती काकीच्या पाया पडली. काकीने तिला जवळ घेतलं आणि इतकी रडली, की वऱ्हाडी चकित झाले. त्याच वर्षी दिवाळीनंतर काकी गेली. पेटी उघडून बघितली तर कात्री, दोरा, साबणाचा तुकडा आणि तो दाखला, चार घड्या केलेला. कोपऱ्यात एक पुडी होती, तीत मूठभर मोहरी.

१९६९ च्या माघात विमला माझ्याकडे आली. पोस्टकार्ड घेऊन. शाळा सुटल्यामुळे तिचं लिहिणं चौथीपर्यंतच राहिलं होतं, तेही आता मोडत आलेलं. ओटीवर बसताना तिने पाय लांब केले, आणि मला तिच्या घोट्यांवरची सूज दिसली.

"हेंका लिवा मास्तर, की दिस गेलेत."

मी टाक बुडवला. तिने थोडं थांबून विचारलं, "मास्तर, माझी आवस कशान गेली? काकीक कितीदा विचारलंय, ती सांगी नाय."

"सुजेने," मी म्हणालो.

"माझेय पाय सुजतत. डाक्टराक दाखवक होया काय?"

"आज नाही, उद्याच दाखव. तुझी आई काळजाने अशीच... त्यांना आईचं सांग."

"आनी तेंनी विचारल्यानी, कितवो म्हयनो, तर?"

मी तिच्याकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पौषात तिचा सासरा वारला होता, तार मीच केली होती, आणि तिचा नवरा तेरा दिवस राहून गेला होता. तुळसाकाकी असती तर दार लावून बसली असती. मी पन्नाशीचा परका पुरुष, तिच्या बापाच्या वयाचा. तोंड उघडलं आणि नुसता खाकरलो.

"विमले, काकीने तुला एक विचारलं असतं."

"काय?"

ती खाली बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"काही नाही," मी म्हणालो. "कितवा लिहू?"

"चतुर्थीचो," विमला म्हणाली. आणि मी तसं लिहिलं.